सेवाकार्यातून हरित कौशल्यांचे शिक्षण : महाराष्ट्रातील प्रयोगांचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : हरित कौशल्ये, सेवा-अध्ययन, श्रमशिक्षण, दुष्काळ, राष्ट्रीय सेवा योजना, मृद व जलसंधारण

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेल्या पदवी अभ्यासक्रमांच्या नव्या आराखड्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयांना क्षेत्रीय प्रकल्प व समुदाय सहभाग या दोन गोष्टींसाठी श्रेयांक देण्याची सोय झाली. विद्यार्थ्याने गावात किंवा वस्तीत जाऊन केलेले काम थेट गुणपत्रिकेत आले. याच सुमारास ‘हरित कौशल्ये’ हा शब्दही शासकीय व्यवहारात रूढ झाला. हरित रोजगारांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषद २०१५ साली स्थापन झाली आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हरित कौशल्य विकास कार्यक्रम २०१७ साली सुरू केला. जल, मृदा, वन, कचरा व ऊर्जा यांच्याशी संबंधित कामे शास्त्रशुद्ध रीतीने करता येणे म्हणजे हरित कौशल्य, अशी या शब्दाची कामचलाऊ व्याख्या करता येईल.

शब्द नवे असले तरी त्यांमागील प्रश्न नवा नाही. शिकणाऱ्याच्या हाताला माती लागावी, त्याच्या शिक्षणाचा गावाला उपयोग व्हावा आणि त्या उपयोगातूनच त्याचे शिक्षण पुरे व्हावे, हा विचार महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मांडला गेला आहे. अनेक ठिकाणी तो आचरणातही आला. काही प्रयोगांतून खरोखर कौशल्य निर्माण झाले, तर काही ठिकाणी केवळ उपक्रम पार पडला. हा फरक कशामुळे पडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. श्रेयांकाची नवी व्यवस्था अद्याप आकार घेत असल्याने हा शोध केवळ अभ्यासकांच्या कुतूहलापुरता मर्यादित राहत नाही.

महात्मा फुले यांची मांडणी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच निवेदनातील शिक्षकाविषयीच्या अपेक्षेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्याला लोकांत मिसळता यावे आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यात त्याला कमीपणा वाटू नये, असे फुले यांनी सुचविले होते. अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, असाही त्यांचा आग्रह होता.

यानंतर १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी मृद व जलसंधारणाचा प्रश्न हाताळला. डोंगरउतारावरील सुपीक माती पावसाबरोबर वाहून जाते, म्हणून लष्कर व पोलीस खात्यातील मनुष्यबळ वापरून जागोजागी ताली व बंधारे घालावेत आणि पाणी शेतात मुरवून मग ते ओढ्यानाल्यांना मिळेल अशी व्यवस्था करावी, ही त्यांची सूचना होती. पाणी अडविण्याच्या ज्या कामाला आज आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचे बीज येथे दिसते. फुले यांच्या विचारात शिक्षकाचा हात आणि शेताचा बांध या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुढील काळात मात्र या दोहोंची पुष्कळदा ताटातूट झाली.

रयत शिक्षण संस्था आणि नई तालीम

सत्यशोधक विचारांचा वारसा घेऊन कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू झाले. विविध जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र कष्ट करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य प्रत्यक्ष व्यवहारातून आलेले होते. शेती, खोदकाम, बांधकाम यांत मुलांचा हातभार असे. ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि श्रमाची ही परंपरा उच्च शिक्षणात पोहोचली. येथे श्रमाचा प्राथमिक हेतू शिक्षणाचा खर्च भागविणे हा होता. परंतु जी जमीन कसायची तिच्याच पिकावर वसतिगृहाची चूल पेटणार असल्याने काम चांगले झाले की वाईट, याचा निकाल परीक्षकावाचूनच लागत असे.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये झालेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची मांडणी केली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्राम येथे या शिक्षणाचा प्रयोग दीर्घकाळ चालविला. हस्तोद्योग हा एक जादा विषय न मानता त्याच्या आधाराने सर्व विषय शिकवावेत, हे या पद्धतीचे मर्म होते. सफाई आणि खतनिर्मिती यांनाही त्यात शैक्षणिक स्थान होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याचे खतात रूपांतर करण्याचे तंत्र आणि भंगीमुक्तीचा विचार यांची सांगड घातली. कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे कौशल्य आणि जातिभेदाचा प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, हे अप्पासाहेबांनी कृतीतून दाखविले.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रवाहाला शासकीय मान्यता मिळाली, पण त्याचा आशय पातळ होत गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा दिली. शाळांच्या वेळापत्रकात मात्र हा तास बहुधा दिवसाच्या शेवटी आला आणि त्याचे मूल्यमापन वहीतील आकृत्यांवर होऊ लागले.

दुष्काळ : विद्यापीठाबाहेरील विद्यापीठ

महाराष्ट्रातील हरित कौशल्यांच्या इतिहासात १९७२ च्या दुष्काळाचे स्थान महत्त्वाचे असूनही शिक्षणाच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ च्या सुमारास तासगाव भागात रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. दुष्काळात कामांचा व्याप प्रचंड वाढला. मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

खडी फोडणे व रस्ते यांबरोबरच पाझर तलाव, नालाबांध आणि शेतांची बांधबंदिस्ती ही कामे लाखो स्त्रीपुरुषांनी केली. त्यांतील अनेकांना अक्षरओळख नव्हती. पण उतार कसा ओळखावा, पाया किती खोल घ्यावा, भराव कसा दाबावा, सांडवा कोठे ठेवावा, हे त्यांना हाताने कळले. एका अर्थी ही मृद व जलसंधारणाची राज्यव्यापी कार्यशाळा होती. तिच्या विद्यार्थ्यांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही. हजेरीपटावर त्यांची नोंद ‘अकुशल मजूर’ अशीच राहिली. कौशल्याचे शिक्षण देऊ पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या नोंदीकडे थोडे थांबून पाहावे, असे वाटते.

याच दुष्काळाच्या अनुभवातून विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांवर ठरवावा, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क असावा आणि उसासारखे अधिक पाणी लागणारे पीक या पाण्यावर घेऊ नये, ही त्याची प्रमुख तत्त्वे होती. पाणी अडविण्याइतकेच ते वाटण्याचेही कौशल्य असते, हा धडा नायगावने दिला. पुढे हिवरे बाजार या गावाने पावसाची नोंद ठेवून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत रुजविली. मोजमाप आणि सामूहिक निर्णय यांची ही जोड कोणत्याही अभ्यासक्रमाला आदर्श ठरावी अशी आहे.

राष्ट्रीय सेवा योजना : संधी आणि मर्यादा

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी तीत सहभागी होते. तत्पूर्वी चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व त्यानंतर के. जी. सैयदैन यांच्या अहवालाने राष्ट्रीय सेवेच्या स्वरूपाचा विचार केला होता. सेवा-अध्ययन ही संज्ञा अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. म्हणजे आपली योजना आणि ही संज्ञा जवळपास समवयस्क आहेत.

योजनेच्या विशेष शिबिरांसाठी १९७३ साली निवडलेले सूत्र ‘युवक दुष्काळाविरुद्ध’ असे होते. वनीकरण, ग्रामीण पुनर्रचना ही सूत्रे पुढील काळात आली. म्हणजे पर्यावरणाचा विचार या योजनेत अगदी प्रारंभापासून होता. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे, अशी रचना आहे. शिवाय दत्तक गावाची कल्पना आहे. एकाच गावात सातत्याने काम करण्यास ही चौकट पुरेशी होती.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी योजनेचा भर सात दिवसांच्या निवासी शिबिरावर येऊन थांबला. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम हा दिनक्रम ठरून गेला. शिबिरातून विद्यार्थ्यांना पुष्कळ काही मिळते, याबद्दल शंका नाही. ग्रामीण जीवनाचे दर्शन, सहजीवन, सभाधीटपणा या मोलाच्या गोष्टी आहेत. तथापि कौशल्य ही सरावाने व चुकांच्या दुरुस्तीने येणारी गोष्ट आहे. शिबिर डिसेंबर-जानेवारीत होते आणि केलेल्या कामाची परीक्षा जून-जुलैमध्ये पावसाकडून होते. त्या वेळी शिबिरार्थी तेथे नसतो. आपले काम टिकले की वाहून गेले, हे त्याला कधीच कळत नाही.

या संदर्भात एक अनुभव नमूद करणे अस्थानी ठरणार नाही. प्रस्तुत लेखक कार्यक्रम अधिकारी असताना एका अवर्षणप्रवण गावात झालेल्या शिबिरात विद्यार्थ्यांनी ओघळीवर अनघड दगडांचे तीन बांध घातले. बांध दिसायला सुबक झाले. त्यांचा माथा एका सरळ रेषेत आणला होता. समारोपाला छायाचित्रे निघाली, वृत्तपत्रात बातमीही आली. पावसाळ्यात सहज म्हणून गावाला गेलो, तेव्हा तीनपैकी दोन बांधांच्या कडेने पाण्याने वाट काढलेली दिसली. काठाची माती कापली जाऊन ओघळ पूर्वीपेक्षा रुंद झाली होती. शेजारच्या शेतातील वृद्ध गृहस्थ म्हणाले, “सर, बांधाचा मधला भाग खोलगट ठेवायचा असतो. पाण्याला मधून वाट दिली नाही तर ते काठ खातं.” बहात्तरच्या दुष्काळात ते नालाबांधाच्या कामावर होते. शिबिराच्या सातही दिवसांत ते रोज बांधाजवळून जात होते. त्यांना आम्ही उद्घाटनाला बोलाविले होते, नारळ दिला होता. काही विचारले मात्र नव्हते.

पुढील वर्षी त्याच ओघळीवर त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी बांध पुन्हा रचले. माथ्याकडून पायथ्याकडे काम करायचे, समतल चराची माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढायची, हे त्यांनी शिकून घेतले. पावसाळ्यानंतर पाच विद्यार्थी स्वखर्चाने बांध पाहून आले. एका लहानशा अनुभवावरून सिद्धान्त मांडता येणार नाही. परंतु वर आढावा घेतलेल्या प्रयोगांच्या प्रकाशात पाहिल्यास त्याचा अर्थ स्पष्ट होतो.

पाबळचा विज्ञान आश्रम

सेवा आणि कौशल्य यांचा मेळ घालण्याचा अधिक काटेकोर प्रयत्न डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ येथे केला. अन्नतंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण व उद्योगक्षेत्रातील संशोधनाचा अनुभव असलेल्या डॉ. कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शेती व पशुपालन, ऊर्जा व पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह व आरोग्य असे चार विभाग एकाच विद्यार्थ्याने शिकावेत, अशी त्यांची योजना होती. माध्यमिक शाळांसाठीही या पद्धतीवर आधारलेला अभ्यासक्रम तयार झाला.

या अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे गावाला द्यावयाच्या सेवा. माती तपासणे, रोपे तयार करणे, फेरोसिमेंटची टाकी बांधणे, विजेची साधी जोडणी करणे ही कामे विद्यार्थी गावातील गरजू माणसासाठी करतात. टाकी गळली तर ती ज्याच्या दारात उभी आहे तो गप्प बसत नाही. त्यामुळे सेवा घेणारा माणूस आपोआपच परीक्षकाच्या भूमिकेत येतो. डॉ. कलबाग यांचे २००३ साली निधन झाले, तरी हे कार्य पुढे चालू राहिले. सेवा-अध्ययनाच्या दृष्टीने पाहता, साताऱ्याच्या वसतिगृहात जे काम शेतातील पीक करीत होते तेच पाबळमध्ये गावातील माणूस करतो, असे म्हणता येईल.

पर्यावरणाची प्रश्नपत्रिका

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्णयाने पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय ठरला. त्याच्या अंमलबजावणीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने तयार केलेला पदवीस्तरावरील अभ्यासक्रम २००४ पासून महाविद्यालयांत आला. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह होते. तथापि त्याच्या रचनेत एकूण ५० तासिकांपैकी क्षेत्रकार्याच्या वाट्याला केवळ ५ तासिका होत्या. हजारो विद्यार्थी हा विषय उत्तीर्ण झाले. त्यांतील बहुतेकांनी आम्लवर्षेची कारणे लिहिली, पण आपल्या गावच्या विहिरीची पाणीपातळी मोजली नाही. दुसरीकडे, त्याच महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक पाणवठ्यावर श्रमदान करीत होते. परंतु त्या कामाचा या विषयाशी काही संबंध जोडला गेला नाही. ज्ञान एका विभागात, सेवा दुसऱ्या विभागात आणि कौशल्य कोठेच नाही, अशी ही स्थिती होती. आयोगाने २०२३ साली पर्यावरण शिक्षणाची नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांमुळे ही फूट सांधण्याची संधी पुन्हा मिळाली आहे.

श्रमदान आणि श्रम

आणखी एका प्रश्नाचा विचार आवश्यक आहे. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून येतात. सुट्टीत ते रोजंदारीवर जातात. त्यांच्यासाठी टिकाव-खोरे हा नवा संस्कार नसतो. जो श्रम त्यांची आई रोज करते, त्यालाच शिबिरात ‘दान’ म्हटले जाते आणि त्याची प्रतिष्ठा सांगितली जाते, तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार आपण फारसा करीत नाही. श्रमप्रतिष्ठेचा उपदेश ज्यांना खरोखर आवश्यक आहे ते आणि ज्यांनी तो आधीच जगलेला आहे ते एकाच रांगेत उभे असतात. ज्याला खोदता येते त्याने पातळी काढायला शिकावे आणि ज्याला पातळी काढता येते त्याने खोदायला शिकावे, अशी देवाणघेवाण झाली तर या फरकाचे रूपांतर शिक्षणात होऊ शकते. त्याचप्रमाणे बांध कोणाच्या शेताच्या वर घालायचा, त्यामुळे कोणाच्या विहिरीला पाणी येणार आणि भूमिहीनाला काय मिळणार, हेही विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे. नायगावचा धडा त्याशिवाय पुरा होत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ज्या प्रयोगांत कामाचा परिणाम शिकणाऱ्याच्या नजरेसमोर राहिला, तेथे कौशल्य निर्माण झाले. सातारा, सेवाग्राम व पाबळ ही त्याची उदाहरणे होत. जेथे काम संपताच विद्यार्थी निघून गेला, तेथे उपक्रम झाला, शिक्षण अपुरे राहिले.

२) मृद व जलसंधारणाचे बरेचसे ज्ञान दुष्काळी कामांवर राबलेल्या पिढीच्या हातांत आहे. ती पिढी आता वृद्ध झाली आहे. महाविद्यालयाने गावाला शिकविण्यासाठी जाण्यापूर्वी गावाकडून शिकण्यासाठी गेले पाहिजे आणि अशा जाणकारांना मानधनासह मार्गदर्शक म्हणून स्थान दिले पाहिजे.

३) श्रेयांक केवळ तासांच्या हजेरीवर न देता पुढील पावसाळ्यानंतर केलेल्या पाहणीवर व मोजमापावर द्यावेत. त्यासाठी किमान तीन वर्षे एकच गाव आणि एकच ओघळ यांवर काम ठेवणे इष्ट ठरेल. आधीच्या तुकडीच्या नोंदी पुढील तुकडीला पाठ्यपुस्तकासारख्या वापरता येतील.

४) पर्यावरणाचा विषय, राष्ट्रीय सेवा योजना आणि समुदाय सहभाग यांचा एकत्रित आराखडा विभागांनी मिळून तयार करावा.

५) हरित कौशल्यांच्या शिक्षणात तंत्राबरोबरच वाटपाचा, म्हणजे न्यायाचा, प्रश्न समाविष्ट असावा.

नांगराची मूठ धरण्यात कमीपणा न मानणारा शिक्षक फुले यांनी १८८२ साली मागितला होता. श्रेयांक, परिषदा व कार्यक्रम यांची व्यवस्था आज उपलब्ध आहे. त्या अपेक्षेला उतरण्याची जबाबदारी मात्र आपणा अध्यापकांवर आहे. पुढील शिबिराचे नियोजन करताना गावातील जुन्या नालाबांधावर कोणी काम केले होते, एवढी चौकशी जरी आपण आधी केली, तरी त्या दिशेने आरंभ झाला असे म्हणता येईल.